संध्याकाळी भरून येणारे पाय आणि सकाळचे मोजे

पत्राचा सारांश: ठाणे पूर्वेला कोपरीत राहणाऱ्या ४८ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. वाशीतल्या साड्यांच्या दुकानात त्या काउंटरवर असतात. सकाळी साडेदहा ते रात्री आठ उभं काम, आणि ट्रान्स-हार्बरच्या (ठाणे-वाशी) लोकल गाडीतही बहुतेक वेळा उभंच. वर्षभरापासून दुपारी चारनंतर दोन्ही पाय भरून येतात, पोटऱ्या जड होतात, रात्री पावलावर चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटलेला असतो. सकाळपर्यंत सूज उतरते. गेल्या सहा महिन्यांत त्रास वाढला आहे. बीपीसाठी अॅम्लोडिपिन चालू आहे, सहा महिन्यांपूर्वी तिचा डोस ५ वरून १० मिलिग्रॅम झाला. त्यांनी ऑनलाइन ‘एल’ साइजचे कॉम्प्रेशन (पाय बाहेरून दाबून धरणारे) मोजे मागवले. रात्री घरी आल्यावर त्या ते घालतात, पण मोजे वरून गुंडाळले जातात आणि गुडघ्याखाली काचतात. मुलगी म्हणते, हवेने पाय दाबणारं मशीन हप्त्यावर घेऊ. नणंद म्हणते, दाबाची सवय लागली की नसा कमजोर होतात. सासूबाईंच्या गुडघ्याला त्या रोज क्रेप बँडेज बांधतात, तेच स्वतःच्या पायांना बांधलं तर चालेल का, आणि आपल्याला न जमलेले मोजे सासूबाईंना दिले तर, असंही त्यांनी विचारलं आहे. सासूबाईंना मधुमेह आहे.

ताई,

मोजे, मशीन की बँडेज हे ठरवण्याआधी तुमच्या पत्रातल्या एका छोट्या वाक्यापाशी थांबू या. ‘रात्री घरी आले की मोजे घालते.’ तुमची निम्मी अडचण या वाक्यात आहे. पाय दुखायला लागले की दाबायचे, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. त्यामुळे मोजेही दुखल्यावर घालायचे, असं वाटणं साहजिक आहे. पण या मोज्यांचं काम दुखण्याच्या आधीचं असतं.

तुम्ही काउंटरमागे स्थिर उभ्या असता तेव्हा हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताच्या उभ्या स्तंभाचा सगळा भार पायातल्या शिरांवर येतो. घोट्याजवळच्या शिरेत त्या वेळी साधारण ८० ते ९० एमएमएचजी (बीपी मोजतात तेच एकक) दाब असतो. चालायला लागलं की प्रत्येक पावलाला पोटरीचा स्नायू आवळतो, रक्त वर ढकलतो, शिरांतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत, आणि हाच दाब ३० च्या आसपास उतरतो. म्हणजे पाय खरे थकतात ते न चालता उभं राहिल्याने. दाब तासन्‌तास चढा राहिला की शिरांमधून पाणी झिरपून आजूबाजूच्या मांसात साचतं. तेच तुमचं दुपारी चारनंतरचं जडपण आणि तोच चपलेचा वळ. रात्री आडवं झालं की हा दाब आपोआप अगदी थोडा राहतो आणि पाणी परत ओढलं जातं. म्हणून सकाळी पाय हलके असतात. तुम्ही मोजे घालता त्या वेळी साचायचं ते साचून झालेलं असतं, आणि झोपल्यावर त्यांना फारसं काम उरत नाही.

दाब घोट्याला जास्त आणि वर जाताना कमी का असावा, याची एक सुरेख गोष्ट आहे. कॉनराड जॉब्स्ट या जर्मनीत जन्मलेल्या अमेरिकन अभियंत्याला स्वतःला पायांच्या शिरांचा आजार होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पाय हलके वाटतात, हे त्यांच्या लक्षात आलं. पाणी जितकं खोल तितका त्याचा दाब जास्त. कमरेइतक्या, म्हणजे मीटरभर पाण्यात घोट्यापाशी साधारण ७० एमएमएचजी दाब बाहेरून मिळतो आणि कमरेशी काहीच नाही. शिरेतला दाबही असाच खाली जास्त, वर कमी. १९५० च्या सुमारास त्यांनी याच तत्त्वावर चढ-उताराच्या दाबाचे मोजे बनवले. चांगला मोजा म्हणजे अंगावर घालून फिरता येईल असं पाणीच.

आता दुसरी गोष्ट. तुम्ही लिहिलंय, ‘दिवसभर उभं राहण्यामुळेच हे होतं, हे उघड आहे.’ उभं राहण्याचा वाटा आहेच. पण सहा महिन्यांपूर्वी गोळीचा डोस दुप्पट झाला आणि सहा महिन्यांपासूनच त्रास वाढला, हे दोन्ही तुम्ही एकाच पत्रात, वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिलं आहे. ते शेजारी ठेवून वाचा. अॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येणं हा त्या गोळीचा ओळखीचा परिणाम आहे. डोस वाढला की तो वाढतो, दोन्ही पायांना होतो, दिवस चढतो तसा जाणवतो, आणि बायकांमध्ये जास्त दिसतो. ही सूज लघवी होण्याच्या गोळीनेही नीट उतरत नाही, कारण अंगात पाणी वाढलेलं नसतं, फक्त बारीक रक्तवाहिन्या सैलावून ते खाली झिरपत असतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, अर्धीही करू नका, बीपी उसळेल. डॉक्टरांना नेमकं सांगा: ‘१० सुरू झाल्यापासून सूज वाढली.’ डोस कमी करणं, गोळी बदलणं किंवा टेल्मिसार्टनसारख्या दुसऱ्या गटातल्या औषधाची जोड देणं, असे मार्ग त्यांच्याकडे असतात. हे एक संभाषण तुमच्या मुलीने पसंत केलेल्या मशीनपेक्षा जास्त उपयोगी पडण्याची शक्यता आहे.

त्याच भेटीत हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), लघवीतलं प्रोटीन, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. चाळिशी-पन्नाशीत पाळी जास्त जात असेल तर रक्त कमी होतं आणि पाय गळाल्यासारखे वाटतात. तो थकवा मोजे घालून जात नाही. घरी एक छोटी तपासणी करा. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठा दहा सेकंद दाबून ठेवा आणि सोडा. खळगा राहिला तर पाणी साचलं आहे. खळगा राहत नाही, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरताच येत नाही, अशी घट्ट सूज असेल तर ती लसिकेची (लिम्फची) असू शकते. आपल्या किनारपट्टीवर हत्तीपायाचा आजार आजही भेटतो, म्हणून तशी सूज दुकानातून मोजे आणण्याआधी डॉक्टरांना दाखवावी.

ज्यांना हे वाचून आपल्या पायांची आठवण झाली असेल, त्या सगळ्यांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगते. एकच पाय अचानक सुजला, पोटरी गरम, लाल, दाबली की दुखते, विशेषतः लांबचा प्रवास, ऑपरेशन, बाळंतपण किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहिल्यानंतर, तर त्याच दिवशी डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्यायचा. आतल्या शिरेत गुठळी असू शकते. त्या पायाला मालीश नको, मशीन नको. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर थेट इमर्जन्सी गाठायची. दोन्ही पाय सुजून जिने चढताना दम लागत असेल, रात्री उशा वाढवाव्या लागत असतील, तर हृदयाची तपासणी आधी. गरोदरपणात सूज एकाएकी वाढली, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, तर आधी बीपी.

तुमच्या पायांवर उठावदार शिरा नाहीत, म्हणून ‘व्हेरिकोज (फुगलेल्या शिरांचा आजार) नसणारच’ असं तुम्ही गृहीत धरलं आहे. शिर वर दिसली नाही तरी आतली झडप गळत असू शकते. घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी तपकिरी पडत असेल, तिथे खाज येत असेल, बारीक जांभळ्या रेषांचा पंखा उमटला असेल, तर शिरांचा डॉप्लर करून घ्या. तो उभं राहून करायचा असतो. आडवं झोपवून केला तर गळती नजरेतून सुटू शकते, म्हणून तंत्रज्ञांना विचारायला संकोच करू नका. वरच्या शिरेतलं रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं वाहिलं तर झडप गळते असं धरतात. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीतलं महापालिकेचं रुग्णालय, दोन्हींपैकी तुम्हाला सोयीचं असेल तिथल्या सर्जरी ओपीडीत याची चौकशी करता येईल.

गोळीचं बोलणं झालं, धोक्याची खूण नाही, असं धरून आता मोज्यांकडे येऊ.

‘एल’ का घेतले? बहुतेक कुर्ता एल लागतो म्हणून. कॉम्प्रेशन मोज्याचा साइज अंगावरून ठरत नाही, बुटाच्या नंबरवरूनही नाही. त्याला तीन मापं लागतात, आणि ती सकाळी, अंथरुणातून उठल्या उठल्या, सूज चढायच्या आत घ्यायची. शिवणकामाची टेप घ्या. पहिलं माप घोट्याच्या हाडाच्या जरा वर, पाय जिथे सर्वांत बारीक आहे तिथला घेर. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण मोजा इथे सर्वांत जास्त दाबणार असतो. दुसरं, पोटरीचा सर्वांत जाड घेर. तिसरं, पाय जमिनीवर टेकवून खुर्चीत बसून, टाचेखालून गुडघ्यामागच्या घडीच्या दोन बोटं खालपर्यंतची उंची. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. दोन्ही पायांची मापं वेगवेगळी लिहा, सेंटिमीटरभर फरक असू शकतो. मग खोक्यावरचा तक्ता पाहा. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, त्यामुळे एका कंपनीचा ‘मीडियम’ दुसऱ्याचा ‘लार्ज’ निघू शकतो. घोटा एका खान्यात आणि पोटरी दुसऱ्या खान्यात बसत असेल तर मधला साइज अंदाजाने उचलू नका. रुंद पोटरीचा प्रकार मागा किंवा मापाने शिवून घ्या. सर्जिकल वस्तूंच्या दुकानात माप घेऊन देतात. मात्र तिथे सकाळी जा, संध्याकाळी कामावरून परतताना नको.

मग दाब. थकलेल्या, जड पायांसाठी, ज्यांना दुसरा आजार नाही त्यांना, १५ ते २० एमएमएचजी पुरतो. तुम्हीही इथूनच सुरुवात करा. २० ते ३० हा शिरांचा आजार डॉप्लरवर दिसल्यानंतर डॉक्टर सांगतात तेव्हाचा, आणि ३० ते ४० तर त्यांच्या देखरेखीशिवाय नकोच. ‘जास्त घट्ट म्हणजे जास्त गुण’ हे इथे लागू होत नाही. जास्त दाबाचे मोजे चढत नाहीत, म्हणून आठवडाभरात कपाटात जातात, आणि कपाटातल्या मोज्यांचा दाब शून्य असतो. खोक्यावर ‘क्लास १’ वाचून घेऊ नका, शेजारचा आकडा वाचा. जर्मन पद्धतीचा क्लास १ म्हणजे १८ ते २१, ब्रिटिश पद्धतीचा क्लास १ म्हणजे १४ ते १७. आकडाच छापलेला नसेल, नुसतं ‘कॉम्प्रेशन’ लिहिलं असेल, तर ती जोडी परत ठेवा. ऑपरेशननंतर हॉस्पिटलातून मिळालेले पांढरे मोजेही या कामाचे नाहीत. ते बिछान्यात पडून असलेल्या माणसाची गुठळी टाळायला असतात, दिवसभर उभं राहणाऱ्यासाठी बनवलेले नसतात.

गुडघ्यापर्यंतचे पुरतात. मांडीपर्यंतचे आपल्या दमट हवेत घसरतात, घामाने खाज सुटते आणि तुमच्या कामात त्यांचा वेगळा फायदा नाही. बोटं उघडी असलेला प्रकार घ्या. चप्पल घालता येते, बोटांच्या बेचक्यात घाम साचून चिखल्या होत नाहीत, आणि बोटांचा रंग डोळ्यांसमोर राहतो.

घालायची रीत जमली नाही म्हणून बरेच जण मोजे सोडून देतात, म्हणून ती जरा सावकाश सांगते. उठल्यावर लगेच घालायचे, अंघोळ-स्वयंपाक उरकून नाही. अंघोळ रात्री करा, किंवा अंघोळीनंतर १५-२० मिनिटं पाय उशीवर उंच ठेवून पडा आणि मग घाला. पाय कोरडे हवेत. रात्री तेल किंवा मलम लावलं असेल तर सकाळी पुसून टाकलेलं हवं, कारण तेलाने मोजा सरकतो आणि त्याचा ताणही लवकर जातो. हवी तर चिमूटभर टाल्कम पावडर चालते. अंगठ्या, पाटल्या काढा. हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी उपाय आहे, कापडावर पकड मिळते आणि नखाने धागा निघत नाही.

पाठ टेकता येईल अशा खुर्चीत बसा. मोज्यात हात घाला, आतून टाचेचा खिसा चिमटीत धरा, आणि मोज्याचा वरचा भाग टाचेपर्यंत उलटा करा. आता तुमच्या हातात पावलापुरती छोटी पिशवी उरते. तिच्यात पाऊल सरकवा. टाच नेमकी टाचेच्या खिशात बसली की नाही ते पाहा. ती बोटभर सरकली तरी वरचा सगळा दाब चुकीच्या जागी पडतो. मग उलटा केलेला भाग घोट्यावरून सुलटा करत तळहातांनी थोडा थोडा वर चढवा. वरची किनार धरून ओढायचं नाही, तसं केलं की वर ताण आणि खाली सैल अशी उलटी गोष्ट होते. किनार गुडघ्यामागच्या घडीच्या दोन बोटं खाली थांबली पाहिजे. शेवटी तळहात फिरवून सुरकुत्या काढा. पाऊलच आत जात नसेल तर आधी पायावर पातळ गुळगुळीत प्लॅस्टिकची पिशवी चढवा, तिच्यावरून मोजा घाला आणि नंतर पिशवी उघड्या बोटांकडून ओढून काढा. पहिल्या चार दिवसांत हे दहा मिनिटं खातं, नंतर दोन.

तुमचा मोजा गुंडाळून का येतो आणि गुडघ्याखाली का काचतो, हे आता ओळखता येईल. ‘एल’ तुमच्या उंचीपेक्षा लांब असणार. उरलेलं कापड तुम्ही दुमडता, किंवा ते आपणच गुंडाळतं. दोन पदरांचा दाब एका पदराच्या जवळजवळ दुप्पट, आणि तोही अरुंद पट्ट्यात. म्हणजे घोट्याला सैल आणि गुडघ्याखाली दोरी बांधल्यासारखं. रक्त वर जायचं त्याऐवजी तिथेच अडतं आणि खालचा पाय जास्त भरतो. ही जोडी आजपासून वापरू नका. नवी जोडी पहिल्या दिवशी दोन-तीन तास, मग रोज थोडा वेळ वाढवत आठवडाभरात पूर्ण कामाची वेळ. रात्री काढल्यावर पाय उजेडात बघा. विणीची पुसट नक्षी चालेल. अर्ध्या तासानंतरही लाल रेघ राहिली, फोड आला, तर साइज चुकला. दिवसा बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली, दुखणं वाढलं, तर दुकानातच काढा, संध्याकाळची वाट पाहू नका.

दोन जोड्या लागतील. रोज धुवायच्या: कोमट किंवा साधं पाणी, सौम्य साबण. ब्लीच नको, फॅब्रिक कंडिशनर नको. पिळायचे नाहीत, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे आणि सावलीत आडवे पसरायचे. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत एका रात्रीत वाळले नाहीत तर ओले घालू नका. स्टेशनबाहेरच्या पाण्यातून भिजत आलात तर दुकानात पोचल्यावर मोजे काढून पाय पुसा, तासभर मोज्यांशिवाय राहिलात तरी चालेल. ओल्या कापडाखाली कातडी पांढरी, मऊ पडते आणि चिरते. रोज वापरलेल्या मोज्याचा ताण चार ते सहा महिन्यांत उतरतो. मोजा सहज, हसत-खेळत चढायला लागला की त्याची मुदत संपली असं समजा.

नणंदबाईंची शंका खोटी म्हणून उडवून लावण्यासारखी नाही, अनेकांना ती छळते. पण मोज्याने शीर कमजोर होत नाही आणि स्नायूही सुस्तावत नाही. पोटरी आवळते तेव्हा बाहेरून आधार असल्यामुळे तिचा जोर वाया जात नाही, इतकंच. मोजे सोडले की पुन्हा जड वाटतं, ते सवयीमुळे नाही. उभं राहण्याचं कारण तसंच राहतं म्हणून. त्याच कारणाने, मोज्यांनी गळकी झडप बरी होत नाही, हेही मान्य करायला हवं. घातले आहेत तोवर आराम, एवढाच त्यांचा करार.

बँडेजचं मात्र मी तुम्हाला नको म्हणेन. बांधता येत असेल तरी रोज सारख्या ताणाने बांधणं कठीण असतं. सारख्याच ताणाने बांधलं तरी बारीक घोट्यावर दाब जास्त आणि जाड पोटरीवर कमी पडतो, हे कापडाच्या ताणाचं साधं गणित आहे आणि ते आपल्या बाजूचं आहे. पण हात जरा घट्ट झाला, एखाद्या फेरीत तीन पदर आले, की तिथे पट्टा आवळला जातो. साधं क्रेप चालता-चालता दोन-चार तासांत ढिलं पडतं, आणि दुकानात ते पुन्हा कोण बांधणार? कुणाला डॉक्टरांनीच बांधायला सांगितलं असेल तर: १० सेंटिमीटर रुंदीचं, पाऊल काटकोनात ठेवून बोटांच्या मुळापासून सुरुवात, टाच झाकायची, घोट्याभोवती इंग्रजी आठचा आकडा, प्रत्येक फेरी मागच्या फेरीचा निम्मा भाग झाकेल अशी, गुडघ्याच्या दोन बोटं खाली शेवट. घोट्यापासून सुरुवात करून पाऊल मोकळं सोडलं तर पाऊल फुगतं. घरोघरी हीच चूक दिसते.

आता मशीन. मुलीला तुमचे पाय दिसतात आणि तिला काहीतरी करायचं आहे, हे समजतं. मांडीपर्यंतच्या पिशव्यांत हवा भरून खालून वर दाबणारं मशीन आरामदायी असतं, २० ते ३० मिनिटांनी पाय खरोखर हलके वाटतात. पण ते रात्रीचं साचलेलं काढतं, दिवसाचं साचणं थांबवत नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा तेच. म्हणून पहिली खरेदी मोज्यांची, आणि त्यांनी महिनाभरात पुरेसा फरक पडला नाही तर मग मशीनचा विचार. घ्यायचंच ठरलं तर दाब आकड्यात दाखवणारं घ्या. नुसतं ‘लो, मीडियम, हाय’ असेल तर पायावर किती पडतंय ते कळत नाही. ३० च्या आसपास सुरू करा, आडवं पडून, पाय हृदयाच्या जरा वर ठेवून, आणि झोप लागेल अशा वेळी लावू नका. शिरेत गुठळी, पायाच्या धमन्यांत अडथळा, आटोक्यात नसलेला हृदयविकार, कातडीला लागण किंवा जखम, पायाला संवेदना नसणं, यात ते वापरायचं नाही. आणि पाय खोलगट साच्यात घालून आतले गोळे पोटऱ्या मळतात, ते मशीन वेगळं. त्याला कॉम्प्रेशन म्हणत नाहीत, आणि फुगलेल्या शिरांवर तर ते नकोच.

कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवून बसता, असं लिहिलंय. ते सोडा. गरम पाण्याने शिरा सैलावतात आणि पाय खाली लोंबत ठेवून बसल्याने भर पडते. त्याऐवजी नळाच्या साध्या पाण्याने पाय धुवा, आणि भिंतीला पाय टेकवून किंवा पोटऱ्यांखाली दोन उशा घेऊन १५ मिनिटं पडा. पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्या तर रात्रभर तेच काम होतं. मात्र रात्री आडवं पडल्यावर धाप लागणाऱ्यांनी हे करू नये.

गाडीत उभं राहायचंच आहे तर दांडी धरून टाचा उचला. ऐरोली ते घणसोली वीस वेळा, पुढे तुर्भ्यापर्यंत पुन्हा वीस. दुकानात दर अर्ध्या तासाला तेच, काउंटरला हात टेकून. गिऱ्हाईक नसताना साडीच्या घड्या घालायला रॅकपर्यंत चालत जा, एका जागी उभं राहून ढीग लावू नका. पायाखाली वीतभर उंचीचा पाट ठेवून एक-एक पाय आळीपाळीने टेकवा. आणि मालकांकडे उंच स्टूल मागा. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांसाठी बसायची सोय कायद्याने बंधनकारक केली, ती याच दुखण्यापोटी. तासाला पाच मिनिटं बसायला मिळणं ही सवलत मागितल्यासारखं मागू नका, कामाचीच गरज म्हणून मागा. तुमच्याबरोबर उभ्या असणाऱ्या बाकीच्या मुलींनाही आज ना उद्या ती लागणारच आहे.

आता सासूबाई. ही जोडी त्यांना देऊ नका, आणि हा नकार पक्का आहे. बरीच वर्षं साखर असलेल्या माणसाच्या पायात धमन्या अरुंद झालेल्या असू शकतात आणि तळव्यांची संवेदना गेलेली असू शकते. म्हणजे मोजा जास्त दाबला तर रक्त पोचणार नाही, आणि पोचत नाही हे त्यांना कळणारही नाही. टाच किंवा बोट काळं पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. त्यांच्यासाठी आधी पायाचा आणि हाताचा बीपी मोजून दोन्हींचं प्रमाण काढायचं, त्याला एबीआय म्हणतात. ते ०.९ च्या खाली असेल तर धमन्यांचा आजार धरतात, ०.५ च्या खाली असेल तर दाबाचा मोजा अजिबात नाही. मधुमेहात धमन्या कडक झाल्या की हा आकडा फसवा, १.३ च्याही वर येतो, म्हणून चांगला आकडा पाहून खूश व्हायचं नाही, डॉक्टरांकडून धमन्यांचा डॉप्लर करून घ्यायचा. अंगठ्याच्या आणि दुसऱ्या बोटाच्या रेषेत पावलावर नाडी लागते का, हे तुम्ही घरी बघू शकता. लागली नाही तर डॉक्टरांना सांगायचं, लागली म्हणून मोजे चढवायचे नाहीत. त्यांच्या गुडघ्याचं क्रेपही रात्री झोपताना काढा, आणि आज ते सोडल्यावर दोन्ही पावलं, तळवे आणि बोटांच्या बेचक्या एकदा नीट पाहून घ्या.